इथिओपिया घेतला, ऑस्ट्रिया घालवला: मुसोलिनीचं परराष्ट्र धोरण

जुलै १९३४मध्ये ऑस्ट्रियातले नाझी व्हिएन्नाच्या सरकारी कचेरीत घुसले आणि त्यांनी देशाचा चॅन्सेलर एंगेलबर्ट डॉलफस याला गोळ्या घातल्या. डॉलफसची बायको-मुलं तेव्हा इटलीत, रिच्चोनेच्या समुद्रकिनारी, मुसोलिनीकडे पाहुणी म्हणून आलेली होती. मुसोलिनीनं वेळ दवडला नाही. आल्प्समधल्या ब्रेनर खिंडीकडे, म्हणजे इटली-ऑस्ट्रियाच्या सीमेवर, त्यानं सैन्य हलवलं. बंड फसलं आणि हिटलरनं ‘आमचा याच्याशी काही संबंध नाही’ म्हणत हात वर केले.

मार्च १९३८मध्ये जर्मन सैन्य उघडपणे ऑस्ट्रियात शिरलं आणि हिटलरनं तो अख्खा देश गिळला. या वेळी मुसोलिनी जागचा हलला नाही. हिटलरनं त्याला निरोप पाठवला, तुमचे हे उपकार मी कधीच विसरणार नाही.

माणूस तोच, खिंड तीच, आणि मधे पुरती चार वर्षंही गेलेली नव्हती. एवढ्या काळात काय फिरलं ते समजलं, की दोन महायुद्धांमधलं इटलीचं परराष्ट्र धोरण बरंचसं उलगडतं. त्या काळातले सगळे तह आणि सगळ्या परिषदा इथे येणार नाहीत. त्यांतल्या निम्म्या विसरल्या तरी काही बिघडत नाही.

जिंकूनही रुसलेला देश

पहिल्या महायुद्धात इटली जिंकणाऱ्यांच्या बाजूला होता. एप्रिल १९१५मध्ये लंडनला एक गुप्त करार झाला होता. इटलीनं युद्धात उतरायचं आणि बदल्यात ऑस्ट्रिया-हंगेरीकडून ट्रेंटिनो, ब्रेनरपर्यंतचा दक्षिण टिरोल, ट्रिएस्टे, इस्ट्रिया आणि डाल्मेशियाच्या किनाऱ्याचा एक पट्टा घ्यायचा, असा तो व्यवहार. त्यापायी इटलीचे सुमारे सहा लाख सैनिक मेले. युद्ध संपल्यावर पॅरिसच्या परिषदेत अमेरिकेचा अध्यक्ष विल्सन आडवा आला. डाल्मेशियात स्लाव्ह लोक राहतात, तो प्रदेश नव्यानं बनणाऱ्या युगोस्लाव्हियाचा, असं त्याचं म्हणणं. इटलीचा पंतप्रधान ऑर्लांदो रागारागानं परिषद सोडून गेला आणि काही दिवसांनी मुकाट्यानं परत आला.

हिशोब नीट मांडला तर इटलीला पुष्कळ मिळालं होतं. ट्रिएस्टे मिळालं, आणि सीमा थेट ब्रेनरला भिडली. शिवाय ऑस्ट्रिया-हंगेरी हा पिढ्यान्‌पिढ्यांचा शत्रू नकाशावरूनच पुसला गेला. पण कवी गाब्रिएले दान्नुन्झिओनं ‘छाटलेला विजय’ असा शब्द काढला आणि तो लोकांच्या डोक्यात पक्का बसला. सप्टेंबर १९१९मध्ये तो आपली माणसं घेऊन एड्रियाटिक समुद्राकाठच्या फ्युमे शहरात घुसला आणि वर्षभराहून जास्त काळ तिथे ठाण मांडून बसला. गंमत म्हणजे फ्युमे लंडनच्या करारात इटलीला देऊच केलेलं नव्हतं. तक्रार एकदा मनात रुजली की कागदावर काय लिहिलंय, हे कोण पाहतो.

ऑक्टोबर १९२२मध्ये मुसोलिनी सत्तेवर आला तेव्हा ही तक्रार त्याला आयती मिळाली. सोबत एक अडचणही मिळाली, आणि तिच्याबद्दल तो जाहीर सभांत बोलत नसे. इटलीत कोळसा जवळजवळ नव्हता, तेल नव्हतं, लोखंड जेमतेम. कोळशाचा मोठा भाग ब्रिटनहून समुद्रमार्गे यायचा. दुसरं महायुद्ध सुरू झालं त्या वर्षी इटलीचं पोलाद उत्पादन होतं साधारण २३ लाख टन, आणि जर्मनीचं दोन कोटी टनांच्या वर. हा आकडा पुढचं वाचताना लक्षात असू द्या.

कॉर्फू: पहिली चुणूक

ऑगस्ट १९२३मध्ये ग्रीस आणि अल्बानियाची सीमा आखणाऱ्या आंतरराष्ट्रीय आयोगातला इटालियन जनरल तेल्लिनी ग्रीसच्या हद्दीत मारला गेला. मारेकरी कोण, हे आजतागायत निश्चित झालेलं नाही. मुसोलिनीनं ग्रीसला निर्वाणीचा खलिता धाडला. माफी मागा, पाच कोटी लिरा भरा. ग्रीसनं सगळ्या अटी मान्य केल्या नाहीत. दोन दिवसांत इटालियन आरमारानं कॉर्फू बेटावर तोफा डागल्या. ज्या जुन्या किल्ल्यावर गोळे पडले तिथे निर्वासित राहत होते, त्यातले पंधराच्या आसपास मेले.

ग्रीस राष्ट्रसंघाकडे, म्हणजे ‘लीग ऑफ नेशन्स’कडे गेला. असल्याच भांडणांसाठी तर राष्ट्रसंघ काढला होता. पण प्रकरण बड्या राष्ट्रांच्या राजदूतांच्या परिषदेकडे सरकवलं गेलं, ग्रीसला पाच कोटी भरावे लागले, आणि मग इटलीनं बेट सोडलं. मुसोलिनी यातून दोन धडे शिकला. राष्ट्रसंघ छोट्यांना वाचवू शकत नाही, हा पहिला. दुसरा धडा त्याला कमी आवडणारा होता: ब्रिटिश आरमार जवळपास असताना बेटावर कायमचं बसता येत नाही. पुढची बारा वर्षं त्यानं दुसरा धडा लक्षात ठेवला. १९३५मध्ये पहिल्यावर भिस्त ठेवून दुसऱ्याची जोखीम पत्करली.

दोन नकाशे

रोममध्ये बसून बाहेर पाहिलं की इटलीसमोर दोन नकाशे होते.

एक उत्तरेचा. ऑस्ट्रिया, हंगेरी, युगोस्लाव्हिया आणि डॅन्यूब नदीचं खोरं. इथे इटलीची गरज साधी होती. जर्मनी ब्रेनरपर्यंत यायला नको. दक्षिण टिरोलमध्ये दोन लाखांहून जास्त जर्मनभाषक राहत होते. त्यांच्या शाळा, गावांची नावं, इतकंच काय आडनावंही इटालियन करायचा सपाटा फॅसिस्टांनी लावला होता. खिंडीपलीकडे दुबळा, स्वतंत्र ऑस्ट्रिया असेल तोवर हे खपत होतं. पलीकडे जर्मनी आला की त्या दोन लाखांना मोठा भाऊ मिळणार, हे उघड होतं.

दुसरा नकाशा दक्षिणेचा, भूमध्य समुद्राचा आणि आफ्रिकेचा. फेब्रुवारी १९३९मध्ये फॅसिस्ट ग्रँड कौन्सिलपुढे, म्हणजे आपल्या पक्षाच्या सर्वोच्च मंडळापुढे, मुसोलिनीनं तो स्वतःच समजावून सांगितला. इटली भूमध्य समुद्रात कैदी आहे. कॉर्सिका, ट्युनिशिया, माल्टा, सायप्रस हे या तुरुंगाचे गज, आणि जिब्राल्टर आणि सुएझ हे पहारेकरी. गज फ्रान्सचे नि ब्रिटनचे, पहारेकरी दोन्ही ब्रिटनचे. म्हणजे हा नकाशा बदलायचा तर भांडण ब्रिटन-फ्रान्सशी.

पेच इथेच आहे. उत्तरेत जर्मनीला अडवायला ब्रिटन आणि फ्रान्स सोबत हवेत. दक्षिणेत पसरायचं तर त्याच दोघांशी वैर घ्यायला हवं. दोन्ही नकाशे एकाच वेळी चालवण्याइतकी ताकद इटलीकडे नव्हती. जर्मनी जखमी आणि निःशस्त्र होता तोवर, म्हणजे १९३३पर्यंत, हा पेच झाकला गेला.

अपक्षाचा भाव

१९२०च्या दशकात इटली बाहेरून बराच शहाणा दिसायचा. १९२५च्या लोकार्नो करारात फ्रान्स-जर्मनी सीमेचा हमीदार म्हणून ब्रिटनच्या शेजारी त्याची सही आहे. युद्धाचा मार्ग वर्ज्य ठरवणाऱ्या १९२८च्या करारावरही आहे. पडद्याआड मात्र वेगळे उद्योग चालू होते. जानेवारी १९२८मध्ये हंगेरीच्या सीमेवर रेल्वेचे डबे पकडले गेले. कागदोपत्री त्यात यंत्रांचे सुटे भाग होते, प्रत्यक्षात मशिनगनचे निघाले, आणि माल इटलीतून आला होता. युगोस्लाव्हिया फोडू पाहणाऱ्या क्रोएशियन उस्ताशांना इटलीत आसरा होता. १९३४मध्ये मार्सेय इथं युगोस्लाव्हियाच्या राजाचा खून झाला, तेव्हा त्या संघटनेचा म्होरक्या पावेलिच याला इटलीनं परदेशाच्या हवाली केलं नाही. अल्बानिया कर्जांनी आणि करारांनी बांधला जात होता.

आणि लिबिया. तिथे तर कसलाही पडदा नव्हता. सायरेनिका भागातला प्रतिकार मोडायला बादोल्यो आणि ग्रात्सिआनी या सेनानींनी सुमारे एक लाख माणसं गुराढोरांसकट वाळवंटातल्या छावण्यांत कोंबली. उपासमारीनं नि रोगराईनं तिथे हजारो मेली. सत्तरीच्या आसपासचा लढवय्या ओमर मुख्तार सप्टेंबर १९३१मध्ये पकडला गेला आणि कैद्यांपुढे त्याला जाहीर फाशी दिली गेली. इटलीला ‘शांततेच्या काळातली मध्यम सत्ता’ म्हणणाऱ्यांच्या नजरेत हे फारसं येत नाही, कारण त्यांच्या लेखी शांतता म्हणजे युरोपातली शांतता.

युरोपातल्या डावपेचांना नेमकं रूप दिलं दिनो ग्रांदीनं. तो १९२९ ते १९३२ परराष्ट्रमंत्री होता. त्याचं सूत्र होतं ‘निर्णायक वजन’. त्रिशंकू विधानसभेतला अपक्ष आमदार आठवा. त्याच्याकडे एकच मत असतं, पण दोन्ही बाजू तुल्यबळ असल्या की त्याच्या दारात गाड्यांची रांग लागते. मात्र दोन अटी असतात. दोन बाजू असायला हव्यात, आणि त्यानं कुणाच्याही कागदावर सही केलेली नसावी. ग्रांदीचा हिशोब असा की फ्रान्स आणि जर्मनी यांच्यात इटलीनं मधे राहावं, आणि ज्या बाजूला झुकायचं तिच्याकडून आफ्रिकेत काहीतरी उकळावं.

हा डाव खरंच फळाला आला. जानेवारी १९३५मध्ये फ्रान्सचा परराष्ट्रमंत्री लाव्हाल रोमला आला. हिटलरची धास्ती वाढली होती आणि फ्रान्सला इटली हवा होता. करारात इटलीला आफ्रिकेतली काही ओसाड जमीन मिळाली. खरी देणगी तोंडी होती: इथिओपियात इटलीला मोकळीक. ती फक्त आर्थिक की सगळीच, यावर दोघं नंतर भांडले. मुसोलिनीनं आपल्या सोयीचा अर्थ घेतला.

इथिओपिया

इथिओपियाच का? आफ्रिकेत लायबेरिया सोडला तर तेवढाच देश युरोपीय राजवटीखाली गेलेला नव्हता. त्याच्या दोन अंगांना इटलीच्या वसाहती होत्या, इरिट्रिया आणि सोमालीलँड. आणि १८९६मध्ये अडवा इथं इथिओपियानं इटालियन सैन्याचा सपशेल पराभव केला होता, ती जखम चाळीस वर्षं ठसठसत होती. भांडणाला निमित्त मिळालं डिसेंबर १९३४मधल्या वालवाल इथल्या चकमकीचं. ती जागा इथिओपियाच्या हद्दीत बरीच आत होती, तरी इथिओपियानं माफी मागावी, अशी मागणी इटलीनंच केली.

एप्रिल १९३५मध्ये इटलीतल्या स्त्रेसा गावी ब्रिटन, फ्रान्स आणि इटली जर्मनीविरुद्ध एकत्र बसले. जाहीरनाम्यात ‘युरोपची शांतता’ असे शब्द आले. आफ्रिकेचं नाव कुणी काढलं नाही. मुसोलिनीच्या फौजा त्याच सुमाराला सुएझमधून लाल समुद्राकडे चालल्या होत्या, आणि समोरचे दोघं गप्प बसले. त्यानं त्या गप्प बसण्याचा अर्थ संमती असा लावला. जूनमध्ये ब्रिटननं फ्रान्स-इटलीला न विचारता हिटलरशी आरमाराचा करार केला आणि ब्रिटिश आरमाराच्या ३५ टक्के इतकं आरमार बांधायची जर्मनीला मुभा दिली. स्त्रेसाची एकजूट दोन महिन्यांत संपली.

३ ऑक्टोबर १९३५ला युद्ध न पुकारता इटलीनं हल्ला केला. राष्ट्रसंघानं काही दिवसांतच इटलीला आक्रमक ठरवलं आणि १८ नोव्हेंबरपासून निर्बंध लागू झाले. शस्त्रं, कर्ज, रबर, कथील बंद, इटलीचा माल घेणं बंद. तेल मात्र चालू, आणि सुएझ कालवाही उघडा. रणगाडे आणि विमानं ज्यावर चालतात तेच वगळलं. ब्रिटन-फ्रान्सला इटलीला दमही द्यायचा होता आणि गमवायचंही नव्हतं. डिसेंबरात ब्रिटनचा परराष्ट्रमंत्री होअर आणि फ्रान्सचा लाव्हाल यांनी इथिओपियाचा मोठा लचका इटलीला देणारी योजना गुपचूप आखली. ती वर्तमानपत्रांत फुटली, होअरला राजीनामा द्यावा लागला. म्हणजे इथिओपिया वाचला नाही, इटली दुखावला, आणि राष्ट्रसंघाची अब्रू गेली. अर्ध्यामुर्ध्या उपायाचा इतका पुरा तोटा क्वचितच झाला असेल.

निर्बंधांनी मुसोलिनीचं नुकसान करण्याऐवजी त्याला घरात बळ दिलं. १८ डिसेंबरला रोममध्ये बायकांनी लग्नाच्या अंगठ्या देशासाठी वाहिल्या, राणीनं स्वतःपासून सुरुवात केली. रणांगणावर बादोल्योनं मस्टर्ड गॅस वापरला. विमानांतून त्याचा फवारा सैनिकांवर, गावांवर, पाणवठ्यांवर सोडला. १९२५च्या ज्या करारानं विषारी वायू निषिद्ध ठरवला होता, त्यावर इटलीची सही होती. ५ मे १९३६ला राजधानी अदिस अबाबा पडली, ९ मेला मुसोलिनीनं बाल्कनीतून साम्राज्याची घोषणा केली. पुढच्या वर्षी फेब्रुवारीत ग्रात्सिआनीवर बाँब फेकला गेला, तेव्हा सूड म्हणून त्या शहरात काही दिवसांत हजारो नागरिकांची कत्तल झाली.

आता सुरुवातीच्या प्रश्नाकडे. ऑस्ट्रियावर पाणी सोडलं ते मार्च १९३८मध्ये नाही. जानेवारी १९३६च्या पहिल्याच आठवड्यात मुसोलिनीनं जर्मन राजदूत फॉन हासेल याला सांगून टाकलं होतं, की ऑस्ट्रिया नावापुरता स्वतंत्र राहून जर्मनीच्या कह्यात गेला तर आपली हरकत नाही. तारीख महत्त्वाची आहे. त्या वेळी इथिओपियातली मोहीम अडखळली होती, तेलबंदीची टांगती तलवार होती, आणि निर्बंधांबाहेरचा युरोपातला मोठा देश एकच, राष्ट्रसंघ सोडून बसलेला जर्मनी. मार्च १९३६मध्ये हिटलरनं फ्रान्सलगतच्या, तहांनुसार सैन्यबंदी असलेल्या ऱ्हाइनलँडमध्ये सैन्य घातलं, तेव्हा लोकार्नोचा हमीदार इटली स्वस्थ बसला. जुलैमध्ये ऑस्ट्रियानं जर्मनीशी जुळवून घेणारा करार केला. आणि याच हिटलरनं १९३५मध्ये, इटली आफ्रिकेत जास्तीत जास्त काळ अडकून पडावा म्हणून, इथिओपियाला गुपचूप शस्त्रं विकली होती. खेळ कोण कुणाशी खेळत होतं, ते यातून दिसतं.

स्पेन, आणि थोडं आपल्याकडचं

युद्धानं खजिना रिकामा झाला होता. ऑक्टोबर १९३६मध्ये लिराचं सुमारे ४० टक्के अवमूल्यन करावं लागलं. तरी मुसोलिनीनं आणि त्याचा जावई, नवा परराष्ट्रमंत्री काउंट चिआनो यानं स्पेनच्या यादवीत बंडखोर सेनानी फ्रँकोच्या बाजूनं उडी घेतली. एकूण सत्तर हजारांहून जास्त इटालियन तिथे लढून आले. मार्च १९३७मध्ये ग्वादालाहारा इथं त्यांचा लाजिरवाणा पराभव झाला, त्यात समोरच्या बाजूनं लढणारे फॅसिस्टविरोधी इटालियनही होते. तोफा, ट्रक, विमानं स्पेनमध्ये खर्ची पडली. बदल्यात एक बेटसुद्धा मिळालं नाही. या साहसाबद्दल याहून जास्त सांगण्यासारखं काही नाही.

ब्रिटनला डिवचण्यासाठी इटली तेव्हा त्याच्या वसाहतींतल्या लोकांना जवळ करत होता. बारी शहरातून अरबी भाषेत रेडिओ प्रसारण होई. मार्च १९३७मध्ये मुसोलिनीनं त्रिपोलीत ‘इस्लामची तलवार’ स्वीकारून मुसलमानांचा रक्षक असल्याचा आव आणला, आणि तोही ओमर मुख्तारच्या देशात. भारतावरही डोळा होताच. रवींद्रनाथ टागोर १९२६मध्ये सरकारी पाहुणे म्हणून गेले, कौतुकानं बोलले आणि इटलीबाहेर आल्यावर छळाच्या कहाण्या ऐकून त्यांनी फॅसिझमचा जाहीर निषेध केला. १९३१च्या डिसेंबरात गांधीजी रोमला थांबले, भेट झाली, पुढे काही घडलं नाही. त्याच वर्षी मार्चमध्ये नागपूरचे डॉ. बा. शि. मुंजे मुसोलिनीला भेटले होते. मुलांना लष्करी शिस्त लावणाऱ्या तिथल्या फॅसिस्ट संस्थांनी ते भारावून गेले, आणि नाशिकला १९३७मध्ये त्यांनी भोसला मिलिटरी स्कूल काढलं, त्यामागे त्या पाहणीचाही हात होता. इथिओपियानंतर मात्र इथलं वारं फिरलं. १९३६मध्ये रोममध्ये उतरावं लागलं तेव्हा नेहरूंनी मुसोलिनीच्या भेटीचं निमंत्रण नाकारलं. त्या वर्षी काँग्रेसनं अबिसिनिया (म्हणजे इथिओपिया) दिनही पाळला.

सही झाली

१ नोव्हेंबर १९३६ला मिलानमध्ये मुसोलिनीनं रोम-बर्लिन ‘अक्षा’ची, म्हणजे दोघांच्या जोडीची भाषा केली. पुढच्या वर्षी इटली राष्ट्रसंघातून बाहेर पडला. मग ऑस्ट्रिया गेला. चेकोस्लोव्हाकियाचा लचका हिटलरला देणाऱ्या म्युनिकच्या परिषदेत सप्टेंबर १९३८मध्ये मुसोलिनी मध्यस्थ म्हणून मिरवला, पण त्यानं टेबलावर ठेवलेला मसुदा जर्मनांनीच लिहून दिला होता. त्या देशाच्या राजधानीवर, प्रागवर, जर्मनांनी ताबा मिळवला तेव्हा आधी कळवलंही नाही. त्या चिडीत एप्रिल १९३९मध्ये इटलीनं अल्बानिया घेतला. आधीच खिशात असलेला देश पुन्हा जिंकला, इतकाच त्याचा अर्थ. दक्षिण टिरोलचा प्रश्नही हिटलरच्या सोयीनं मिटवायचं ठरलं. तिथल्या जर्मनभाषकांना एक निवड दिली गेली: जर्मनीला जा, नाहीतर इटालियन होऊन राहा.

२२ मे १९३९ला जर्मनीशी ‘पोलादी करार’ झाला. सोबत्यानं कुठलंही युद्ध सुरू केलं, अगदी चढाईचं असलं, तरी दुसऱ्यानं त्यात उतरायचं, असं त्यात लिहिलं होतं. तीनेक वर्षं युद्ध नको, अशी इटलीची समजूत तोंडीच राहिली. दुसऱ्याच दिवशी, २३ मेला, हिटलरनं आपल्या सेनानींना सांगितलं की पोलंडवर पहिली संधी मिळताच हल्ला करायचा आहे. ऑगस्टमध्ये इटलीला हे पुरतं कळलं, तेव्हा सुटायला त्यांनी बर्लिनला कच्च्या मालाची यादी पाठवली. कोळसा, पोलाद, तेल, मॉलिब्डेनम. जर्मनी पुरवूच शकणार नाही, इतकी ती लांबलचक होती. हेतूही तोच होता. १ सप्टेंबरला युद्ध पेटलं आणि इटलीनं आपण ‘युद्धात नसलेला’ देश असल्याचं जाहीर केलं.

इतिहासकारांत इथे दोन तट आहेत. काही म्हणतात, मुसोलिनीकडे धोरणच नव्हतं, दुसऱ्या दिवशीच्या मथळ्यावर नजर ठेवून तो वागायचा. काही म्हणतात, भूमध्य समुद्राचं साम्राज्य हा त्याचा पहिल्यापासूनचा बेत होता. मला दुसऱ्यांचं म्हणणं जास्त पटतं, एका दुरुस्तीसह. कुठे जायचं हे त्याला माहीत होतं. त्यासाठी कोळसा कुठून येणार, हे त्यानं कधी नीट पाहिलं नाही.

जून १९४०मध्ये फ्रान्स कोसळताना पाहून तो अखेर युद्धात उतरला, आणि त्या दिवशी सुएझ कालवा त्याला बंद झाला. १९३५मध्ये तो ब्रिटिशांच्या मर्जीनं उघडा होता, तेव्हाच इथिओपियाची मोहीम शक्य झाली. आता पूर्व आफ्रिकेतलं अडीच लाखांहून मोठं सैन्य, त्यातले बहुतेक स्थानिक शिपाई, मायदेशापासून तुटलं. कुमक नाही, तेल नाही. पुढच्या मार्चमध्ये इरिट्रियातलं केरेनचं डोंगरी ठाणं पडलं. तिथे चढाई करणाऱ्यांत भारतीय पलटणी होत्या आणि मराठा रेजिमेंटचे जवानही होते. ५ मे १९४१ला इथिओपियाचे सम्राट हैले सेलासी अदिस अबाबात परत आले.